सासूबाईंच्या लॅपटॉपात नवी सिस्टिम

सासूबाई जिवंत आहेत हे पेन्शनच्या कचेरीला पटवून द्यायला आमच्याकडे दहा दिवस होते.

खरं तर यात पटवण्यासारखं काय होतं? त्या माझ्यासमोर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या आणि "उभे सात, चार अक्षरी," असं मोठ्याने म्हणत होत्या. पण पेन्शन घेणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि यंदापासून तो घरबसल्या लॅपटॉपवरून द्यायचा होता. घरबसल्या या शब्दाची मी धास्ती घेतली आहे. कचेरीत जाऊन करायचं काम अर्ध्या दिवसात उरकतं. घरबसल्या करायच्या कामाला रजा टाकावी लागते.

शनिवारी सकाळी मी सासूबाईंचा लॅपटॉप उघडला. वय वर्षं अकरा. लॅपटॉपचं. सासूबाईंचं एकोणऐंशी. पेन्शनची साइट म्हणाली, तुमचा ब्राउझर जुना आहे. मी नवा ब्राउझर घ्यायला गेलो, तर तो म्हणाला, तुमची सिस्टिम जुनी आहे. मी नव्या सिस्टिमकडे गेलो. ती म्हणाली, तुमचा लॅपटॉप जुना आहे. आता लॅपटॉप कुणाकडे बोट दाखवतो याची वाट न बघता मी तो मिटला.

"एवढंच सांगायचंय ना, की मी आहे?" सासूबाई म्हणाल्या. "मग फोन करून सांगते की."

त्यांनी खरोखरच फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, फोनवर जिवंत असणं आम्ही धरत नाही."

"मग आत्ता तुमच्याशी कोण बोलतंय?"

"ते बरोबर आहे. पण ते रेकॉर्डला कसं येणार?"

सासूबाई एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या. रेकॉर्ड हा शब्द ऐकला की त्या वाद घालत नाहीत. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. अशा वेळी माणसाने चष्मा पुसावा, खोकावं, वाटल्यास बाल्कनीत जावं. मी बोलून गेलो, "त्यात काय! मी नवी सिस्टिम घालतो."

मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा, नसेल तो सील करायचा. कॉम्प्युटरचं मला फारसं कळत नाही, पण कुठलीही वस्तू दिसली की ती आतून कशी चालते हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. याला मी जिज्ञासा म्हणतो. बायको खाज म्हणते. आजवर या जिज्ञासेपायी आमच्या घरातलं एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक इस्त्री शहीद झाली आहे, पण तो विषय वेगळा.

पाव तासात वरच्या मजल्यावरचे काका स्क्रूड्रायव्हरची पेटी घेऊन हजर झाले. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बातमी त्यांना कशी कळली हे विचारू नये, ती त्यांच्याकडे जातेच. दारातूनच त्यांनी विचारलं, "बॅकअप घेतलात का?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. सबंध इमारत त्यांना बॅकअपकाका म्हणते. समोरच्या फ्लॅटमधल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा ते समाधानाने म्हणाले होते, "चला, बॅकअप झाला."

तर, बॅकअप घेतला. 'आईचं' नावाचं एक फोल्डर होतं, ते मी बायकोच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रीतसर पाठवून ठेवलं. सासूबाई रोज दुपारी दोन ते चार काहीतरी टाइप करत बसायच्या, त्याच्या फाइली होत्या त्यात. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे माझ्यावर निष्काळजीपणाचा जो ठपका आला, त्यात हे कुणी लक्षात घेतलं नाही.

दार उघडंच होतं, तेव्हा डॉक्टरीणबाईही डोकावल्या. "अकरा वर्षं?" त्या म्हणाल्या. "काढून टाका. नवा बसवा. उगाच दुखणं अंगावर काढू नका."

"अहो, पण मूळ घट्ट आहे," काका म्हणाले. "नुसती रॅम वाढवायची. सध्या आहे त्याच्या दुप्पट."

डॉक्टरीणबाईंनी लॅपटॉपला कान लावला. पंखा घरघरत होता. त्यांचा चेहरा बदलला. "आत काहीतरी साचलंय. उघडल्याशिवाय सांगता यायचं नाही."

हे वाक्य ऐकून मला जो आनंद झाला तो मी लपवू शकलो नाही. लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले. मोजून अकरा. एकेक बशीत ठेवला. पाठीचं झाकण निघालं आणि आम्ही तिघांनी आत वाकून पाहिलं. इतक्या जाड, इतक्या गरम होणाऱ्या, इतका आवाज करणाऱ्या वस्तूच्या आत इतकं थोडं असेल असं वाटलं नव्हतं. एक हिरवी पाटी, त्यावर गल्ल्या, गल्ल्यांत बारीक चौकोनी घरं, आणि एका कोपऱ्यात तो पंखा. पंख्यावर धुळीची अशी लादी बसली होती की ती अलगद उचलली तर पायपुसणं म्हणून चालली असती.

"थांबा, हात लावू नका," असं म्हणत डॉक्टरीणबाई घरी गेल्या आणि मास्क, हातमोजे आणि बारीक ब्रश घेऊन आल्या. पंधरा मिनिटं त्यांनी तो पंखा पात्यापात्याने साफ केला. मधेच सवयीने "दुखलं तर हात वर करा" असंही म्हणाल्या. मग मी बाजारात जाऊन रॅमची पट्टी आणली आणि खाचेत बसवली. कट् असा आवाज झाला. तराजूची दांडी नेमकी मध्यावर येऊन थांबते तेव्हा मला जसं वाटतं तसं वाटलं.

झाकण लावताना मात्र एक स्क्रू कमी पडला.

इथे मला थोडं सविस्तर बोललं पाहिजे. काढलेले स्क्रू अकरा होते. भोकं बारा होती. याचा सरळ अर्थ असा की बारावा स्क्रू आधीपासूनच नव्हता. पण काका टेबलाखाली वाकले, बायकोने सतरंजी झटकली, डॉक्टरीणबाईंनी "गिळला तर नाही ना कुणी?" असं विचारलं. तीस वर्षं ज्याने लोकांची मापं तपासली त्याला अकरापर्यंत मोजता येतं, यावर त्या खोलीत एकाचाही विश्वास नव्हता. आजही घरात कुठे स्क्रू सापडला की बायको तो मला आणून दाखवते. परवा सापडलेला कपाटाच्या बिजागरीचा होता.

असो. रॅम वाढवली तरी नव्या सिस्टिमने नकारच दिला. तिला लॅपटॉपमध्ये सुरक्षेची कसलीशी चिप लागत होती आणि ती आमच्या लॅपटॉपच्या जन्माच्या वेळी निघालीच नव्हती. तेव्हा काकांनी खुलासा केला की या सिस्टिमा तीन बहिणींसारख्या असतात. थोरली म्हणजे आमच्याकडची, ती आता निवृत्त. धाकटी फार चिकित्सक, तिला सगळं नवंकोरं लागतं. पण मधली समजूतदार आहे. ती जुन्या घरातही नांदते आणि पेन्शनच्या साइटलाही चालते.

मधलीला आणायचं ठरलं. त्यासाठी एक पेनड्राइव्ह हवा होता. काकांनी तो तत्परतेने खिशातून काढून दिला. मी तो लावला, तेव्हा स्क्रीनवर प्रश्न आला. मी तो मोठ्याने वाचला, "यावरचं सगळं पुसलं जाईल. चालेल का?" काका त्या वेळी धूळ आधी फुंकायची की आधी पुसायची यावर डॉक्टरीणबाईंशी वाद घालत होते. "हो, हो, चालेल," ते म्हणाले. मी दाबलं.

दोन मिनिटांनी ते एकदम वळले. "काय पुसलं जाईल म्हणालात?"

त्या पेनड्राइव्हवर आमच्या इमारतीच्या आठ वर्षांच्या सभांची इतिवृत्तं होती. काका चिटणीस आहेत.

"पण मूळ असेल ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"मूळ मागच्या वर्षीच गेलं. माझा कॉम्प्युटर बसला तेव्हा. हाच तर त्याचा बॅकअप!"

"आणि बॅकअपचा बॅकअप?" बायकोने विचारलं. तिने हे निरागसपणे विचारलं असं ती म्हणते. काकांनी स्क्रूड्रायव्हरची पेटी मिटून काखेत घेतली. आयुष्यभर प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तोच प्रश्न उलटून आला की काय होतं, हे मी त्या दिवशी जवळून पाहिलं.

(नंतरची गोष्ट अशी की पुढच्या सभेत पार्किंगच्या भांडणात आधी कोण काय म्हणालं होतं हे कुणालाच सिद्ध करता येईना, आणि भांडण पंचवीस मिनिटांत मिटलं. आठ वर्षांत असं झालं नव्हतं. पण याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.)

रविवारी सकाळी प्रत्यक्ष कामाला हात घातला. लॅपटॉप सुरू होताना एक विशिष्ट बटण दाबायचं असतं, म्हणजे तो जुन्या सिस्टिमकडे न जाता पेनड्राइव्हकडे वळतो. कुठलं बटण? काका म्हणाले, वरच्या रांगेतलं दुसरं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेवटचं. लॅपटॉपबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, "योग्य ते बटण दाबा." आणि दाबायला वेळ किती? डोळ्याची पापणी लवेल इतका. आठ वेळा लॅपटॉप बंद केला, आठ वेळा सुरू केला. आठही वेळा थोरली हजर.

सासूबाई शब्दकोडं बाजूला ठेवून उठल्या. "सरका जरा," म्हणाल्या. लॅपटॉप सुरू होताच त्यांची दहाही बोटं वरच्या रांगेवरून अशी सरसरत गेली आणि परत आली की बारा बटणांपैकी एकही सुटलं नाही. स्क्रीन निळी झाली. मधली दारात उभी होती.

"कुठलं होतं हो बटण?" काकांनी विचारलं.

"मला काय माहीत? मी सगळीच दाबली," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा कोड्याकडे गेल्या.

आता त्या टक्क्यांबद्दल. स्क्रीनवर लिहून आलं, चौतीस टक्के काम झालं. दोन मिनिटं उरली. मी हातातलं घड्याळ लावून बसलो. ती दोन मिनिटं एक्केचाळीस मिनिटं चालली. मग टक्के एकदम सत्तरावर गेले आणि तिथून, माझ्या डोळ्यांदेखत, एकोणसत्तरावर आले. मी बरीच लबाड मापं पाहिली आहेत. बुडाशी मेण लावलेली पाहिली, पारड्याखाली लोहचुंबक पाहिलं. पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघत मागे जाणारं माप मी पहिल्यांदाच पाहत होतो. एखाद्या दुकानदाराने हे केलं असतं तर त्याच दिवशी त्याला सील ठोकलं असतं. इथे मी हात जोडून बसलो होतो. आणि खरं सांगू? मला मजाही येत होती. ते टक्के नेमके कशाचे असतात, कोण मोजतं, कुठल्या काट्यावर, हे मला अजून कळलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

त्यात चार्जरची वायर. ती एका ठरावीक कोनात धरली तरच वीज लागायची, आणि काम चालू असताना वीज गेली तर लॅपटॉप कायमचा जाईल, असं काकांनी बजावून ठेवलं होतं. तो कोन फक्त बायकोच्या हाताला ठाऊक. साडेतीन तास ती एका हाताने वायर धरून बसली. दुसऱ्या हाताने तिने जेवण केलं, दोन फोन केले, आणि माझ्याबद्दलची आपली मतं बहिणीला कळवली.

पावणेचारला मधली आली. स्क्रीनवर निळंशार तळं, मागे डोंगर. पंख्याचा आवाज नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा! मूळ घट्ट होतं."

पेन्शनची साइट उघडली. सासूबाईंना कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्यांनी केस नीट केले, चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. स्क्रीनवर सूचना आली: चेहरा स्थिर ठेवा. त्यांनी ठेवला. एकतीस वर्षं न्यायाधीशांशेजारी बसलेला चेहरा तो, हलण्याचा प्रश्नच नव्हता. इतका हलला नाही की साइटला तो फोटो वाटला. मग दुसरी सूचना आली: डोळे मिचकवा.

"काय करू?" सासूबाईंनी विचारलं.

"डोळा... म्हणजे डोळे मिचकवायचेत, आई," मी म्हणालो.

"या वयात?" त्या म्हणाल्या. "सरकारला?"

बायको इतकी हसली की तिचं हसणं बघून त्यांनाही हसू आलं, डोळे मिटले, पाणी आलं, आणि साइटने त्याच क्षणी हिरवी खूण दिली. आपण हयात आहात. काकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या हिरव्या खुणेकडे अशा नजरेने पाहत होतो की जणू सासूबाईंना मीच जन्माला घातलं होतं.

ती नजर पाच मिनिटं टिकली.

सगळे गेल्यावर सासूबाईंनी त्यांचं फोल्डर उघडलं. मी परत आणून ठेवलं होतं, जसंच्या तसं. पहिल्या फाइलवर टिचकी मारली आणि पान उघडलं. त्यावर एकही अक्षर आपलं नव्हतं. उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर दोन टिंबं घेतलेली परदेशी अक्षरं, टक्क्यांच्या खुणा, कंस. दुसरी फाइल तशीच. तिसरीही. चारशे बारा पानं.

मी सगळी बटणं दाबून पाहिली. वरून काकांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "फाइलींचा बॅकअप घेतलात. अक्षरांचा घेतला होता का?"

सासूबाई जुन्या पद्धतीच्या टायपिंगने लिहायच्या. त्यासाठीचा प्रोग्रॅम आणि त्याची अक्षरं थोरल्या सिस्टिमबरोबर गेली होती. तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लॅपटॉप मिटला, त्यावरचा माझ्या बोटांचा डाग पदराने पुसला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या, जावईबापू. दुपारचा वेळ जात होता इतकंच." आणि आत जाऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्या बाल्कनीत बसून रस्त्याकडे बघत होत्या. गुडघ्यावर बोटं मात्र हलत होती.

मला ते बघवेना. अर्धी रजा टाकली आणि लॅपटॉप काखेत मारून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या दुरुस्तीवाल्या बाई डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी फोनचं पोट उघडून बसल्या होत्या. मी सगळी हकीकत सांगितली, स्क्रूसकट. त्यांनी एक पान उघडून पाहिलं.

"गेलं नाहीये काही," त्या म्हणाल्या. "अक्षरं तीच आहेत, फक्त कपडे बदललेत. जुन्या पद्धतीतून नव्यात आणणारं एक साधन आहे. पण ते आंधळं आहे. जोडाक्षरं मोडतं, वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसवतं. कुणीतरी ओळन् ओळ वाचून दुरुस्त करायला हवं. ज्यांनी लिहिलंय त्यांना समोर बसवून."

"चारशे बारा पानं?"

"मग तुम्हीच ठरवा," म्हणून त्यांनी पुन्हा भिंग लावलं. ते एक बरं असतं कारागिरांचं, खोटा धीर देत नाहीत.

संध्याकाळी मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे तुम्हाला ते वाचावं लागेल," त्या म्हणाल्या.

"तुमची हरकत असेल तर..."

"हरकत नाही. पण आजवर कुणी वाचलं नाही ना."

लॅपटॉपचे अकरा स्क्रू काढून मी आत बघितलं होतं. त्या सहा वर्षं रोज दुपारी त्यात काय टाइप करतात हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या जिज्ञासेची किंमत तिथे कळली.

पहिलं पान आम्ही दोघांनी मिळून लावलं. त्या आठवून सांगायच्या, मी वेलांट्या उचलून योग्य अक्षरावर ठेवायचो. एका आरोपीने 'सायकल' ऐवजी 'सायकाल' चोरला होता, तो परत करवला. आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की हे खटले नाहीत. कोर्टात साक्षीदार बोलायला लागला की मधेच काहीतरी भलतंच बोलून जातो. मग साहेब टायपिस्टकडे बघून म्हणतात, "हे घेऊ नका." टायपिस्टची बोटं थांबतात. एकतीस वर्षं सासूबाईंची बोटं अशी थांबली होती. त्या न घेतलेल्या वाक्यांचं हे पुस्तक होतं.

हद्दीच्या भांडणात एक म्हातारा म्हणाला होता, "जागा दोघांपैकी कुणाचीही ठरवा साहेब, पण तिथली सावली फार चांगली आहे, ती तोडू नका." घटस्फोट मागणारी बाई नवऱ्याची दुष्कृत्यं सांगता सांगता म्हणाली होती, "पण मला ताप आला की हाच उशाशी बसायचा. तेही लिहा ना." सायकलचोर म्हणाला होता, "पंप मात्र मी दुसऱ्या दिवशी नेऊन ठेवला होता." प्रत्येकाच्या खाली तारीख, खटल्याचा प्रकार, आणि साक्षीदाराने काय घातलं होतं ते एका ओळीत.

"हे सगळं तुम्हाला आठवतं?" मी विचारलं.

"टाइप केलेलं विसरतं हो माणूस," त्या म्हणाल्या. "न केलेलं बोटांत राहतं."

रोज संध्याकाळी सहा ते सात, अडीच महिने आम्ही बसलो. बायको सुरुवातीला वायर धरायला म्हणून बसायची. नवा चार्जर आणल्यावरही बसत राहिली. एकदा त्या तापाच्या पानावर ती मला म्हणाली, "अहो, पुन्हा वाचा ना." मी वाचलं. रफार दोन घरं पलीकडे जाऊन बसला होता, तो मी नंतर आणला.

चारशे बारावं पान लागलं त्या दिवशी मला उगाचच रिकामं वाटलं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. आता नव्या पद्धतीचं टायपिंग त्यांच्या हाताला आलं होतं. त्यांनी कोरं पान उघडलं आणि म्हणाल्या, "आता तुमचं सांगा."

"माझं काय? माझं सगळं अहवालात असतं. काटा बरोबर, काटा चूक."

"अहवालात नाही ते."

मी म्हणणार होतो की तसं काही नाही. आणि बोलायला लागलो. फळं विकणारी एक म्हातारी होती, कारखान्याच्या फाटकाबाहेर बसायची. तिचा काटा तपासला तर तो किलोमागे चाळीस ग्रॅम जास्त देत होता. गिऱ्हाइकाला जास्त. नियम असा की काटा कमी देवो की जास्त, चूक म्हणजे चूक, सील. मी तिला समजावलं की बाई, तुझंच नुकसान होतंय. ती म्हणाली, "माहीत आहे. पाळी सुटून येतात ती लेकरं, दमलेली असतात." मी अहवालात लिहिलं, काटा बरोबर, आणि शिक्का मारला.

सासूबाई माझ्याकडे न बघता टाइप करत होत्या. बायको दारात उभी होती. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे मी तिलाही सांगितलं नव्हतं.

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय, संपलं."

"संपलं नाही. तुमचा चेहरा सांगतोय. आठवा, मी थांबते." आणि कीबोर्डवर बोटं टेकवून त्या खरोखरच थांबल्या.

"निघताना तिच्याकडून एक किलो सफरचंदं घेतली," मी म्हणालो. "विकत घेतली, फुकट नाही, हे आधी लिहा."

"लिहिलं."

"आणि कचेरीत गेल्यावर, सगळे घरी गेल्यानंतर, खात्याच्या मोठ्या काट्यावर ती ठेवून बघितली."

"किती भरली?"

"एकशे वीस ग्रॅम जास्त," मी म्हणालो. "माझ्याकडे बघून तिने वर एक छोटं सफरचंद टाकलं असणार. मीही दमलेला दिसत असेन."